वाचक विचारतात : घरच्यांना कसं सांगू?

सलाम. या वेळी आलेली पत्रं वाचताना मी दोनदा उठून पाणी प्यायले, कारण बहुतेक पत्रांत दुखणं एकच आहे. प्रभूला ओळखलं, आनंद झाला, आणि तो आनंद पहिल्यांदा ज्यांना सांगावासा वाटला त्यांनीच दार लावून घेतलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं घेते. नावं छापत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत.

सलाम ताई. मी संगमनेर तालुक्यातला, वय २९, चाकणला एका कंपनीत आहे. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आमचं घर वारकरी, वडिलांच्या गळ्यात माळ, आजोबांपासून वारी चुकलेली नाही, वडील दरवर्षी आळंदीला येऊन माऊलींच्या पालखीबरोबर चालतात. मी घरी सांगितलं त्या दिवशी वडील एक शब्द बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले, तेव्हापासून बोलणं बंद. मागच्या मे मधे धाकट्या भावाचं लग्न झालं, पत्रिकेत माझं नाव नव्हतं, लग्न मी फेसबुकवर बघितलं. आई बहिणीच्या फोनवरून चोरून बोलते. मी फॅमिली ग्रुपवर साक्षीचे, म्हणजे प्रभूने आयुष्यात काय केलं ते सांगणारे, व्हिडिओ टाकायचो तर चुलत्यांनी मला ग्रुपमधून काढलं. आमच्या प्रार्थना ग्रुपमधले भाऊ म्हणतात तू सांगितलंस, त्यांनी ऐकलं नाही, आता पायाची धूळ झटक आणि पुढे चल. मला ते जमत नाही. आईबाप प्रभूला न ओळखता गेले तर या विचाराने झोप लागत नाही. अजून किती वेळा सांगू?

बाळा, तुला अरे-तुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. धूळ झटकू नकोस. जे भाऊ तुला असं सांगतात त्यांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय परत एकदा सावकाश वाचावा. येशूने ते शिष्यांना सांगितलं तेव्हा ते गावोगाव फिरायला निघाले होते, अनोळखी गावं, अनोळखी घरं, एका ठिकाणी कोणी घेतलं नाही तर तिथे अडकून पडू नका, पुढच्या गावाला जा, एवढा त्याचा अर्थ. आईबाप म्हणजे वाटेवरचं गाव नाही. आईबापांच्या बाबतीत येशू काय बोलला ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे, देवाला अर्पण केलं असं म्हणून आईबापांचा वाटा चुकवणाऱ्यांवर तो चिडला होता. तेव्हा पगारातून घरी पैसे जातात का ते आधी बघ, नसतील जात तर या महिन्यापासून पाठव, वडील परत करतील कदाचित, तरी पाठव.

आणि मार्कच्या पाचव्या अध्यायातला तो माणूस आठव, गरसेकरांच्या प्रदेशातला, कबरस्तानात राहायचा, साखळ्या तोडायचा. बरा झाल्यावर त्याने येशूला विनवलं की मला तुझ्याबरोबर येऊ दे. बाकी सगळ्यांना ये माझ्या मागे म्हणणाऱ्याने याला मात्र नाही म्हटलं. घरी जा, तुझ्या माणसांकडे जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग. मी हा भाग शेकडो वेळा वाचला असेल, पण मला खूप उशिरा लक्षात आलं की त्याला सगळ्यात अवघड काम दिलं होतं. नावेत बसून निघून जाणं सोपं होतं. ज्यांनी त्याला साखळीने बांधलेलं पाहिलं होतं त्यांच्याच गल्लीत परत राहायला जायचं होतं.

आता "किती वेळा सांगू" याचं उत्तर. तू सांगून झालंय बाळा. त्यांना कळलंय, म्हणूनच तर वडील गोठ्यात गेले. त्यांनी तुझे शब्द ऐकले आणि त्या शब्दांमागे त्यांना एकच गोष्ट ऐकू आली, की मुलगा आमचा राहिला नाही. आता तुला त्यांना नवीन काही सांगायचं नाहीये, ही जी दुसरी गोष्ट त्यांनी ऐकली ती खोटी आहे हे दाखवायचंय. आणि ते व्हिडिओने दाखवता येत नाही, त्याला वर्षं लागतात.

माझं सांगते. १९८७ साली माझा बाप्तिस्मा झाला, मी २३ वर्षांची होते, आमचं घर निफाडकडचं, द्राक्षाची शेती. पहिल्याच दिवाळीला घरी गेले आणि देवघरासमोर उभी राहून वडिलांना म्हटलं, हे दगड आहेत, यांना कान नाहीत. बायबलमधे आहे म्हणून म्हटलं, आणि मला वाटलं केवढं मोठं धैर्य दाखवलं. त्या देवघरात माझ्या आजीने लग्नात आणलेली अन्नपूर्णा होती. वडिलांनी मला घराबाहेर काढलं आणि माझ्या नावाने आंघोळ केली, म्हणजे मुलगी मेली असं गावाला सांगितलं. बरीच वर्षं मी ही गोष्ट साक्ष म्हणून चर्चमधे सांगायचे, ख्रिस्तासाठी छळ सोसला म्हणून, लोक डोळे पुसायचे. नंतर एकदा प्रार्थना करताना मला स्वच्छ कळलं की त्या दिवशीचा निम्मा छळ ख्रिस्तासाठी नव्हता, माझ्या उद्धटपणासाठी होता. मला घरातून काढलं ते चूकच होतं, पण आजीच्या देवीला दगड म्हणून मी वडिलांना येशू सांगितला नव्हता, मी त्यांच्या आईचा अपमान केला होता. तुझ्या बाबतीत असं काही झालंय का ते तूच तपास. झालं असेल तर त्या एका गोष्टीची माफी माग, विश्वासाची माफी मागायची नाही, तेवढ्या बोलण्याची मागायची. हा फरक घरच्यांना बरोबर कळतो.

तू म्हणशील येशूच्या घरी काय वेगळं होतं. काही वेगळं नव्हतं. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या घरचे त्याला धरून न्यायला आले, त्यांना वाटलं याला वेड लागलंय. नासरेथच्या लोकांनी तर त्याला डोंगराच्या कड्यावरून ढकलायला नेलं होतं, आणि हे गाव म्हणजे जिथे तो लहानाचा मोठा झाला. योहान लिहितो की त्याचे भाऊसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. ज्याच्या हातून आंधळे पाहायला लागले त्याच्या स्वतःच्या भावांना पटलं नव्हतं, मग आपण कोण. पण पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात माडीवर प्रार्थनेला बसलेल्यांत त्याची आई आहे आणि भाऊही आहेत, आणि त्यातलाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधार झाला. मधल्या काळात येशूने त्यांच्याशी वाद घालून त्यांना हरवलं असं कुठे वाचायला मिळत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे दुखणं आपल्या मराठी मंडळ्यांत फार वाढलंय. तू ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ कोणत्या भाषेत होते? माझा अंदाज आहे अर्धे हिंदीत आणि अर्धे इंग्लिशवरून डब केलेले. तुझ्या वडिलांनी आयुष्यभर हरिपाठ म्हटलाय, त्यांच्या कानाला ओवी आणि अभंग कळतो, त्यांना देवाबद्दल बोलणारी माणसं टाळ-मृदंगाबरोबर भेटली आहेत, आणि त्यांच्यापुढे आपण कीबोर्ड, धूर आणि मधे मधे ओरडणारा एक सूटबूटवाला माणूस आणून ठेवतो आणि म्हणतो हा तुमचा तारणारा. त्यांना तो परका वाटणारच. प्रेषित पौलाला यरुशलेममधे जमाव मारायला उठला होता तेव्हा तो पायऱ्यांवर उभा राहून त्यांच्याशी त्यांच्याच इब्री भाषेत बोलायला लागला आणि लिहिलंय की ते ऐकून लोक आणखी शांत झाले. शेवटी त्यांनी त्याचं म्हणणं नाकारलंच, तेही लिहिलंय, पण निदान ऐकून नाकारलं.

आपल्याकडे तर यासाठी लांब जायची गरजच नाही. नारायण वामन टिळक, १८६१ चा जन्म, कोकणातल्या चित्पावन घरातले, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतःबद्दल म्हटलंय की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुझ्या वडिलांसारख्या माणसाला हे वाक्य सांगून बघ कधीतरी, वाद म्हणून नाही, आदर म्हणून. टिळकांना चर्चमधली भाषांतर केलेली, परक्या चालीवरची गाणी पुरेशी वाटेनात, त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, आज आपण उपासनेत जी गातो त्यातली कितीतरी त्यांचीच आहेत. १९१७ मधे त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. ख्रिस्त हवा पण माझी माणसं सुटायला नकोत, ही त्यांची तळमळ शेवटपर्यंत गेली नाही, १९१९ मधे ते वारले तोपर्यंत.

पण टिळकांची गोष्ट सांगताना आपण त्यांच्या घरात काय झालं ते पटकन उरकतो. बायकोला, लक्ष्मीबाईंना, न सांगता, न विचारता टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. बाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून संसार मोडला, नातेवाइकांच्या घरी राहायचं आणि लोकांचं बोलणं ऐकायचं. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे ज्यांनी वाचलंय त्यांना तो काळ माहीत आहे. टिळक पत्रं लिहीत राहिले, नातं तोडलं नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या, आपलं सोवळं, आपला स्वयंपाक सांभाळूनच आल्या, आणि टिळकांनी ते सोवळं चालू दिलं. बाईंनी स्वतःच विचार करून करून एक दिवस ठरवलं की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केलाय, आणि मग कोणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. नगर-राहुरीच्या घराघरांत पुढे या बाईंचं नाव झालं, टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूवरचं काव्य त्यांनी पूर्ण केलं. मला टिळक फार मोठे वाटतात पण न सांगता बाप्तिस्मा घेतला ते मला कधीच पटलं नाही आणि पटणारही नाही. त्या पाच वर्षांत त्यांनी जे केलं ते मात्र मी सगळ्या तरुण विश्वासी मुलांना सांगते.

आता तुझ्यापुरतं सांगते. तू चाकणला राहतोस. आळंदी तुझ्यापासून गाडीवर किती, अर्धा-पाऊण तास? वडील दरवर्षी ज्येष्ठात तिथे येतात, उघड्यावर नाहीतर धर्मशाळेत मुक्काम करतात, आणि तीन वर्षं तू एवढ्या जवळ असून भेटायला गेला नाहीस, निदान पत्रात तसं काही लिहिलं नाहीस. या वर्षी जा. पावसाळ्याचा एक चांगला रेनकोट घेऊन जा, पायांना लावायला तेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा-वीस दिवसांच्या बरोबर बांधून दे. दिंडीतल्या माणसांसमोर पाया पड, बाप म्हणून. जेवायला बसले असतील तर वाढ. आपल्यातले काही लोक म्हणतील हे तर मूर्तिपूजेत सहभागी होणं झालं. मला तसं वाटत नाही. कोणी तुला पूजा करायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हण, तिथे तडजोड नको, पण चालून आलेल्या बापाच्या पायाला तेल लावणं ही पूजा नाही, आपल्या प्रभूने तर शिष्यांचे पाय धुतले होते. वडील तोंड फिरवतील कदाचित. फिरवू दे. पुढच्या वर्षी परत जा.

आणि एखाद्या दिवशी ते विचारतील. कधी विचारतील ते तुझ्या हातात नाही, पण विचारतील तेव्हा तयार असावं असं येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात सांगतो, आणि त्याच वाक्यात सौम्यतेने आणि आदराने असंही म्हणतो, ते आपण गाळतो. विचारलं तर आदामापासून सुरुवात करू नकोस. तुझ्या आयुष्यात काय झालं तेवढंच सांग, पाच मिनिटांत, घरच्या बोलीत, आणि गप्प बस.

माझ्या वडिलांनी अकरा वर्षांनी विचारलं. १९९८ मधे त्यांना नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं, भावांना शेती आणि नोकऱ्या, रात्री थांबायला माणूस नव्हता म्हणून मला निरोप आला. एकोणीस रात्री मी तिथे बसले. एका रात्री ते म्हणाले, तू डोळे मिटून काय पुटपुटतेस? मी म्हटलं, अण्णा, तुमचं नाव घेते. कोणापुढे, म्हणाले. मी सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, घे मग. एवढंच. २००४ मधे ते गेले, माळकरी म्हणूनच गेले, विधी सगळे त्यांच्या पद्धतीने झाले आणि मी मांडवाच्या कडेला उभी होते. त्या रात्रीच्या "घे मग" मधे काय होतं ते देवाला माहीत, मी त्याची साक्ष करून विकत नाही. तुलाही मी वचन देत नाही की अमुक केलंस की घर विश्वासात येईल. असं वचन कोणी देत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा. पौलासारखा माणूस रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो की माझ्या मनाला आपल्या लोकांसाठी सतत वेदना आहेत, त्यांच्यासाठी मी स्वतः शापित व्हायलाही तयार आहे. त्याची झोपसुद्धा उडाली असणारच. तुझी उडते ते विश्वास कमी आहे म्हणून नाही, तू मुलगा आहेस म्हणून.

ताई, माझे मिस्टर चांगले आहेत, निर्व्यसनी आहेत, पण मी रविवारी उपासनेला निघाले की घरात वातावरण तापतं. सासूबाई म्हणतात कुळाचार कोण करणार. मी दर रविवारी त्यांना बरोबर चला म्हणते, घरात बायबलची वचनं लिहून फ्रीजवर लावलीत, तरी काही फरक नाही. लातूर.

बहिणी, पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तुझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, की नवरा वचन मानत नसेल तर बायकोच्या वागण्याने, न बोलता, तो मिळवला जावा. न बोलता, हे बघ. फ्रीजवरची वचनं काढून टाक, ती तुझ्या मनात असली तरी चालतील. चला चला म्हणणं सहा महिने बंद कर. रविवारी जायचं मात्र सोडू नकोस, सकाळचं सगळं आवरून, सासूबाईंचा चहा-नाश्ता करून, मी दीडपर्यंत येते असं सांगून जा आणि दीडला ये. कुळाचाराचं म्हणशील तर पुरणपोळ्या लाटायला, घर सारवायला, पाहुण्यांचं करायला तू पुढे हो, नैवेद्य दाखवायला आणि पूजेला बसायला नाही म्हण, आणि हे सणाच्या दिवशी भांडण काढून नाही तर आठ दिवस आधी सासूबाईंजवळ एकटीने बसून सांग. एक मात्र वेगळं सांगून ठेवते, हे तुझ्या घराबद्दल नाही पण दुसऱ्या कोणी वाचत असेल म्हणून: हात उगारला जात असेल, कोंडून ठेवलं जात असेल तर सहन करत राहणं ही साक्ष नव्हे. तिथून निघायचं, माहेरी, पाळकांकडे, पोलिसांकडे, आणि मग पुढचं.

सलाम. आमचं गाव बीड जिल्ह्यात. आम्ही मातंग समाजाचे, मी आणि बायको दोन वर्षांपूर्वी विश्वासात आलो. भावकीतले म्हणतात किती पैसे घेतले, कोणत्या संस्थेने घर बांधून दिलं. मला उत्तर सुचत नाही, मी खाली मान घालतो.

मान वर कर भाऊ. आधी हिशोबाचं बोलू, कारण ते हिशोबावर आलेत. १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला तेव्हा त्यात फक्त हिंदू होते, १९५६ मधे शीख घेतले, १९९० मधे बौद्ध घेतले. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. म्हणजे आपल्या समाजातला माणूस कागदोपत्री ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते, मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, राखीव मतदारसंघ, सगळंच. घेतलं किती म्हणून विचारणाऱ्याला तू हे शांतपणे सांगू शकतोस, की यात काय मिळतं ते नाही, काय जातं ते बघ. कागदाचं तुझं काय ते तू आणि तुझी बायको मिळून, देवापुढे बसून आणि नीट माहिती असलेल्या वकिलाला विचारून ठरवा, मी इथे बसून तुमच्या मुलांच्या शिक्षणावर निकाल देणार नाही. एवढंच म्हणेन की खोटं फार दिवस पोटात राहत नाही.

भाकरीसाठी बाटले हा टोमणा दीडशे वर्षांचा जुना आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात माणसं उपाशी मरत होती, मिशनने अन्न दिलं, आणि त्यानंतर आपल्याकडे बाप्तिस्मे वाढले. उपाशी माणसाने भाकरी घेतली याची मला लाज वाटत नाही, लाज ज्यांच्या विहिरीवर त्याला पाणी भरू दिलं जात नव्हतं त्यांना वाटावी. पण आपल्या बाजूनेही एक कान उघडा ठेव. सुवार्ता सांगताना हातात कधी काही नसावं, पाकीट नाही, रेशन नाही, आजार बरा होईल, नोकरी लागेल अशी हमीही नाही. गरजवंताला मदत करायची तर करायची, ख्रिस्ती झाला नाही तरी तेवढीच करायची. कायदाही काय म्हणतो ते माहीत असू दे. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, पण १९७७ मधे स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला हे खटकत नाही. मन बदलणं तसंही आपलं काम नाही, आपलं काम सांगणं. भावकीत कोणाचं बाळंतपण, कोणाचं मयत असेल तर नवरा-बायको दोघं सगळ्यात आधी पोचा आणि सगळं आवरल्यावर शेवटी निघा. किती पैसे घेतले हा प्रश्न त्याने बंद होईलच असं नाही, पण विचारताना त्यांचीच नजर खाली जाईल.

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. तुमचं मासिक माझ्या मुलीच्या बॅगेत सापडलं म्हणून लिहिते आहे. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात नर्सिंगला, हॉस्टेलवर राहते. ती दर रविवारी मैत्रिणीबरोबर चर्चला जाते असं कळलं. गणपतीला घरी आली तर आरतीला उभी राहिली नाही, मागे स्वयंपाकघरात बसून राहिली. तिचे बाबा म्हणतात शिक्षण बंद करून घरी आणा. तुम्ही लोक दुसऱ्यांची घरं का फोडता? तुम्हाला मुलं नाहीत का?

आईसाहेब, नमस्कार. तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी घेतलं कारण त्याला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तुम्ही रागाने लिहिलंय आणि तो राग मला कळतो. मला एक मुलगा आहे.

आमच्या लोकांकडून घरं फुटली आहेत हे मी नाकारत नाही. १८४३ मधे मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागे त्यांचा लहान भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला, तो अगदी पोर होता, बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाला परत दिला. मी ख्रिस्ती असून सांगते, कोर्टाने बरोबर केलं. सज्ञान नसलेल्या मुलाला आईबापांना न विचारता बाप्तिस्मा देऊ नये, आमच्या कोणी तसं करत असेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पुढे १८९३ मधे पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून असंच वादळ उठलं. विधवा मुलींना शिकवायची ती शाळा. रमाबाई सकाळी आपल्या मुलीला घेऊन प्रार्थनेला बसायच्या आणि दार बंद करायच्या नाहीत, काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या, गावात बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. मी रमाबाईंना फार मानते, तरी त्या पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण काढून नेलेल्या मुलींचं शिक्षण तुटलं, हे नुकसान मुलींचंच झालं.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक विनंती, नर्सिंग बंद करू नका. ती १९ वर्षांची आहे, सज्ञान आहे, घरी आणून कोंडलंत तर ती जे मानते ते मानायचं सोडणार नाही, फक्त तुम्हाला सांगायचं सोडेल. आणि ती आत्ता तुमच्यापासून काही लपवत नाहीये बघा. लपवायचं असतं तर आरतीला उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या, मासिक बॅगेत आणलं नसतं.

तुमची मुलगी हे वाचेल कदाचित, तिलाही दोन शब्द. बाळ, आरतीला उभी राहिली नाहीस ते तुझ्या मनाचं, पण आधी आईला सांगितलं होतंस का? पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिने काय उत्तर द्यायचं होतं? पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी चार दिवस ये, साफसफाईला, मोदकांना, आईच्या बरोबरीने उभी राहा, मग आरतीच्या वेळी मागे बसलीस तरी आईला तुझ्या बाजूने बोलता येईल. आणि आईबाबांशी बोलून, त्यांना पुरेसा वेळ देऊन मगच बाप्तिस्म्याचं ठरव. घाई करणारा कोणी असेल तर त्याला सांग की प्रभू थांबतो.

आईसाहेब, तुम्ही विचारलंत मी घरं का फोडते. मी स्वतः अशा एका घरातली आहे जिथे बापाने मुलीच्या नावाने आंघोळ केली होती. त्या अकरा वर्षांत माझी आई काय करायची सांगते. आमच्या तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ती भाजी विकायला म्हणून निघायची आणि एसटी स्टँडवर मला भेटायची, पदराखाली फडक्यात बांधलेल्या दोन बाजरीच्या भाकरी आणि ठेचा असायचा. तिने मला येशूबद्दल एकदाही विचारलं नाही आणि परत ये असंही कधी म्हटलं नाही. बाकावर शेजारी बसायची, मी खाईपर्यंत थांबायची, केसांना हात लावून म्हणायची तेल लावत नाहीस वाटतं, आणि गाडी लागली की जायची. मी आज आईला शिव्या न घालता, घराला न विसरता उभी आहे ती त्या बाकामुळे. अण्णांनी १९९८ मधे मला बोलावलं, तो निरोप घेऊन आलेली पण तीच होती.

मुलीची परीक्षा जवळ आली असेल. आज रात्री फोन करा, चर्चचं काही काढू नका, जेवणाचं आणि अभ्यासाचं विचारा.